हिरवी, पिवळी, निळी : चेरीच्या बहरात मोजलेल्या लोकल

स्तर ४ : वाचनपाठ

वाचायला बसण्याआधी वहीचं एक पान घ्या आणि त्यावर तीन उभे रकाने आखा. पहिल्यावर लिहा 'तो', दुसऱ्यावर 'ती', तिसऱ्यावर 'ते'. पाठ वाचताना आगगाडीशी संबंधित जो शब्द भेटेल तो योग्य रकान्यात टाका. शब्द चुकीच्या रकान्यात गेला तरी हरकत नाही, खोडरबर कशासाठी असतो! माझ्या मुलाचं असंच एक पान या पाठात येणार आहे, आणि त्या पानावर भरपूर खाडाखोड आहे.

मी टोकियोत राहतो. कॉम्प्युटरचं काम करतो आणि रविवारी या शाळेत शिकवतो. गेल्या वसंतात माझे बाबा डोंबिवलीहून दीड महिन्यासाठी आमच्याकडे आले. बाबांनी बत्तीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी असा लोकलचा प्रवास केला. व्हीटी म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पण बाबांच्या तोंडी व्हीटीच येतं. माझा मुलगा नऊ वर्षांचा, जन्मापासून इथलाच. मराठीत मुलाला लाडाने 'चिरंजीव' म्हणतात, मीही या पाठात तेच म्हणणार आहे.

चिरंजीवांना मराठी कळतं, पण बोलायची वेळ आली की ते जपानीत उत्तर देतात. बाबांना जपानी येत नाही. त्यामुळे पहिले दहा-बारा दिवस घरात एक गंमतच झाली. आजोबा विचारायचे, नातू मान हलवायचा, आणि मधे मी दुभाषा. दुभाषा म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा माणूस. मी ऑफिसला गेलो की दुभाषा गेला, आणि दोघं आपापल्या खोलीत. बाबा तक्रार करणाऱ्यातले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "अरे, पोरगा छान आहे रे, पण माझ्याशी पाहुण्यासारखा वागतो." ते मला लागलं.

चिरंजीवांना गाड्यांचा नाद आहे. गाड्या म्हणजे मोटारी नव्हेत, आगगाड्या. स्टेशनाच्या टोकाला उभं राहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या, रंग आणि नंबर वहीत लिहायचे. तेव्हा एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी ठरवलं, तिघांनी चेरीचा बहर बघायला जायचं, पण जागा अशा निवडायच्या की जिथून गाड्याही दिसतील. चिरंजीवांच्या आईला त्या दिवशी काम होतं. तिने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून दिली. निघताना मी विचारलं, "डबा घेतलास का?" चिरंजीव गोंधळले. त्यांना डबा म्हणजे फक्त गाडीचा डबा माहीत होता. बाबा हसून म्हणाले, "आमचा जन्म डब्यात बसून डबा खाण्यात गेला!" त्या दिवशीचं आजोबांचं पहिलं वाक्य, ज्याला चिरंजीव मी न समजावता हसले.

खंदकाकाठी

आम्ही आधी इचिगाया स्टेशनला उतरलो. टोकियोचं जुनं नाव एदो. एदोच्या किल्ल्याभोवती पाण्याचे खंदक होते, आणि त्यातला बाहेरचा खंदक इचिगाया ते इइदाबाशी या भागात अजून आहे. खंदकाच्या एका काठाला रूळ आहेत, आणि रुळांच्या वर उंचवट्यावर चेरीच्या झाडांची रांग. पलीकडच्या रस्त्यावर उभं राहिलं की खाली पाणी, मधे गाडी आणि वर फुलं असं दिसतं.

इथे दोन मार्ग शेजारी-शेजारी धावतात. पिवळ्या पट्ट्याची गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. नारिंगी पट्ट्याची इचिगाया आणि इइदाबाशीला थांबत नाही, सुसाट जाते. जपानीत पहिलीला 'काकुएकी-तेइशा' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'प्रत्येक स्टेशनावर थांबा', आणि दुसरीला 'काइसोकु'. मी हे बाबांना सांगायला लागलो, तर ते म्हणाले, "म्हणजे स्लो आणि फास्ट. त्यात काय सांगायचंय?" मुंबईच्या स्टेशनांवर मराठीत घोषणा होते तेव्हा 'धीमी लोकल' आणि 'जलद लोकल' म्हणतात. चिरंजीवांनी वहीत लगेच लिहिलं : पिवळी, धीमी. नारिंगी, जलद.

मग पहिली नारिंगी गाडी आली आणि चिरंजीव ओरडले, "आजोबा, मोठा गाडी आला!"

"आली," आजोबा म्हणाले. "गाडी ती. मोठी गाडी आली."

"मोठी डबा?"

"मोठा डबा. डबा तो."

"मोठा स्टेशन?"

"मोठं स्टेशन. ते."

चिरंजीवांनी वही बंद केली. जपानीत हा सगळा खटाटोपच नाही. गाडी, डबा, स्टेशन, कुणालाही तो-ती-ते लागत नाही. मला वाटलं, संपलं आता. पण आजोबांनी वही मागून घेतली, तीन रकाने आखले आणि म्हणाले, "गाडी गेली की एक शब्द लिहायचा. ज्या रकान्यात टाकशील ते बरोबर असेल तर पुढची गाडी तू मोजायची, चुकलं तर मी मोजणार." गाडी मोजायची संधी गमवायची म्हणजे काय! चिरंजीव पटापट शिकले. लोकल ती. रूळ तो. फलाट तो. पूल तो. खिडकी ती. दार ते. इंजिनावर भांडण झालं, कारण चिरंजीवांचं म्हणणं होतं की लोकलला इंजिनच नसतं, मग तो शब्द लिहायचाच कशाला! बरोबरच होतं म्हणा. लोकलला ओढणारं वेगळं इंजिन नसतं, काही डब्यांच्या खालीच मोटारी असतात. आजोबा खूश झाले. त्यांना मोटरमन माहीत होता, मोटारी कुठे असतात ते कधी बघायची वेळ आली नव्हती.

तुम्हीही आता थोडं थांबा आणि आपलं पान बघा. किती शब्द झाले?

या रुळांवर विजेची गाडी १९०४ साली धावायला लागली. मुंबईत विजेची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर धावली. हे ऐकून बाबांचं तोंड जरा उतरलं, मग एकदम आठवून म्हणाले, "पण पहिली आगगाडी कुणाची?" बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला निघाली, आणि जपानची पहिली शिंबाशी ते योकोहामा १८७२ मध्ये. एकोणीस वर्षांचा फरक. सामना बरोबरीत सुटला.

बाबांना इथली गाडी चिंचोळी वाटली. चिंचोळी म्हणजे रुंदीला कमी. त्यांचा अंदाज बरोबर आहे. इथल्या या मार्गांवर दोन रुळांमधलं अंतर १०६७ मिलिमीटर असतं, मुंबईत १६७६. म्हणजे साठ सेंटिमीटरहून जास्त फरक. मुंबईच्या लोकलचा डबा सुमारे ३.६६ मीटर रुंद, इथला सुमारे २.९५. म्हणून इथे खिडकीला पाठ लावून बसायची लांब बाकं असतात, आणि मुंबईत समोरासमोर तीन-तीन माणसांची. कागदावर तीन, प्रत्यक्षात चौथा माणूस अर्धा बाहेर लटकून बसतो. 'चौथी सीट' म्हणजे काय ते आजोबांनी बागेतल्या बाकावर नातवाला ढकलून दाखवलं.

बहर, मोहोर, सडा

मधेच फुलांबद्दल सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा माणूस फुलं बघायला गेलाच नव्हता.

मराठीत झाडाला पुष्कळ फुलं आली की 'बहर आला' म्हणतात. आंब्याला मात्र 'मोहोर' येतो. 'चेरीला मोहोर आला' असं कुणी म्हणत नाही. आणि फुलं किंवा पाकळ्या जमिनीवर पसरून पडल्या की तो 'सडा'. हा शब्द मराठी माणसाला सगळ्यात जास्त प्राजक्ताच्या झाडाखाली आठवतो. चेरीच्या पाकळ्या खंदकाच्या पाण्यावर पसरल्या होत्या. बाबा कठड्याला टेकून म्हणाले, "पाण्यावर सडा पडलेला पहिल्यांदा बघतोय." जपानीत पाण्यावरच्या अशा पाकळ्यांना 'हाना-इकादा' म्हणतात, म्हणजे फुलांचा तराफा. हा शब्द चिरंजीवांनी आजोबांना शिकवला. तराफा हा शब्द मला शिकवावा लागला, दोघांपैकी एकाला. कुणाला ते ओळखा.

टोकियोत दिसणारी बहुतेक चेरीची झाडं 'सोमेइ योशिनो' या एकाच जातीची आहेत. सोमेइ हे जुन्या एदोजवळच्या एका गावाचं नाव. तिथे माळी राहायचे. आज तो भाग कोमागोमे स्टेशनजवळ येतो. हे झाड बी पेरून वाढवत नाहीत, कलम करून वाढवतात. कलम म्हणजे एका झाडाची फांदी दुसऱ्या रोपावर बांधून तयार केलेलं झाड. म्हणून ही सगळी झाडं एकाच झाडाची जणू नक्कल आहेत, आणि एका भागातली सगळी जवळजवळ एकाच वेळी फुलतात. कोकणातला हापूस आंबाही असाच कलमानेच वाढवतात. बीतून उगवलेलं आंब्याचं झाड आईसारखं निघेलच असं नाही.

बहर कधी आला हे इथे सरकारी हवामान खातं जाहीर करतं. टोकियोसाठी यासुकुनी देवळाच्या आवारातलं एक ठरावीक झाड आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की बहर सुरू झाला असं सांगतात. मग आठवड्याभरात झाड भरून येतं आणि पुढच्या काही दिवसांत, पाऊस-वारा आला तर त्याहूनही आधी, पाकळ्या गळतात. फुलं पानांच्या आधी येतात, म्हणून फांदी नुसती गुलाबी-पांढरी दिसते. बाबा म्हणाले, "आपल्याकडे पळस आणि काटेसावर अशीच की!" खरंच. सह्याद्रीत फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा त्यावरही पान दिसत नाही. गुढीपाडवा तीन दिवसांवर आला होता.

बाबांचा नियम

खंदकाच्या काठी बसून पुऱ्या खाताना चिरंजीवांनी विचारलं (अर्धं जपानीत, अर्धं मराठीत), "आजोबा, मुंबईत गर्दीत माणूस हरवला तर?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी सहा वर्षांचा असताना आम्ही डोंबिवलीहून ठाण्याला निघालो होतो. ठाण्याला बाबा उतरले, मी गर्दीत दारापर्यंत पोचलोच नाही, गाडी सुटली. पुढचं स्टेशन मुलुंड. तिथे एका काकूंनी मला उतरवलं. मी इंडिकेटरखाली उभा राहिलो. इंडिकेटर म्हणजे कुठली गाडी येते ते दाखवणारा फलाटावरचा फलक. मागच्या गाडीने बाबा आले. मला हे पुसट आठवतं, त्यांच्या शर्टाचा घामेजलेला वास मात्र पक्का आठवतो.

"नियम सोपा आहे," बाबा नातवाला म्हणाले. "जो गाडीत राहिला त्याने पुढच्या स्टेशनात उतरायचं. उतरलं की हलायचं नाही. जो मागे राहिला त्याने मागच्या गाडीने यायचं. दोघंही शोधायला फिरले की दोघंही हरवतात."

चिरंजीवांनी मान डोलावली आणि पुरी खाल्ली.

अकिहाबारा

इइदाबाशीपर्यंत चालत गेलो, तिथून पिवळ्या गाडीने अकिहाबाराला आलो. आता आम्हाला उत्तरेला ओजीला जायचं होतं. अकिहाबाराला एकाच फलाटाच्या दोन बाजूंना दोन गाड्या लागतात. एका बाजूला केइहिन-तोहोकु मार्गाची निळी, दुसऱ्या बाजूला यामानोते मार्गाची हिरवी. दोन्ही उएनोच्या दिशेने जातात, ताबातापर्यंत शेजारी-शेजारी. तिथून हिरवी डावीकडे वळते, कारण तिचा मार्ग गोल आहे : ३४.५ किलोमीटर, ३० स्टेशनं, आणि एक फेरी साधारण एका तासाची. (बाबांनी लगेच हिशेब केला होता. व्हीटी ते ठाणे साधारण एवढंच अंतर आहे.) निळी सरळ ओजीला जाते.

मी जिन्यावरून उतरताना फोनमध्ये वेळ बघत होतो. न बघताच म्हणालो, "बाबा, पुढची गाडी आपली."

आता इथे थांबा आणि विचार करा. 'पुढची' म्हणजे कुठली? 'पुढची' म्हणजे 'नंतर येणारी', जसं पुढचा आठवडा. पण 'पुढची' म्हणजे 'समोरची' सुद्धा, जसं घराचं पुढचं दार. मला म्हणायचं होतं, यानंतर येणारी निळी. बाबांच्या पुढ्यात हिरवी उभी होती, दारं उघडी. बत्तीस वर्षांची सवय. दार उघडलं की आत, मागे वळून बघायचं नाही, मागचे येतातच.

मी फोनवरून नजर वर केली तेव्हा दारं लागत होती. काचेमागे बाबांची राखाडी टोपी. त्यांनी मला पाहिलं. मग गाडी गेली.

मी त्यांना इथला फोन नंबर घेऊन दिला नव्हता. "उद्या घेऊ, परवा घेऊ" असं करता करता तीन आठवडे गेले होते. खिशात घराचा पत्ता लिहिलेला कागदही नव्हता. वय सत्तर, जपानीचा एक शब्द येत नाही, आणि गाडी अशी की कुठेच न उतरता बसून राहिलं तर शहराभोवती फिरत राहील. माझ्या पोटात गोळा आला. मी स्टेशनच्या माणसाला शोधायला जिन्याकडे धावायला लागलो.

चिरंजीवांनी माझा शर्ट धरला. आणि मराठीत म्हणाले, पूर्ण वाक्यात, एकही जपानी शब्द न घालता, "आजोबा पुढच्या स्टेशनात उतरणार. ते हलणार नाहीत. आपण मागच्या गाडीने जायचं."

मग त्यांनी वही उघडली. त्या पानावर शेवटची नोंद होती : हिरवी, तीन-दोन. इथे फलाटावर दारापाशी आकडे रंगवलेले असतात, कितवा डबा आणि त्यातलं कितवं दार. चिरंजीव प्रत्येक गाडीबरोबर आपण कुठे उभे आहोत तेही लिहितात, का ते मला कधी कळलं नव्हतं. तिसरा डबा, दुसरं दार. "इथूनच चढूया. म्हणजे तिथे दार आजोबांसमोर उघडेल."

पुढची (म्हणजे नंतरची!) हिरवी गाडी चार मिनिटांनी आली. चार मिनिटं फार असतात. आम्ही तीन-दोनमधून चढलो. ओकाचिमाची एकच किलोमीटर आहे, पण मला तो सगळा रस्ता आठवत नाही. चिरंजीव काचेला नाक लावून उभे होते.

दार उघडलं. बाबा बरोबर समोर, हाताच्या अंतरावर. टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती, आणि इतकी घट्ट धरलेली की चुरगळून गेली होती. आवाज मात्र नेहमीचा.

"किती मिनिटं लागली?" त्यांनी नातवाला विचारलं.

"सहा."

"मुलुंडला अकरा लागली होती," बाबा म्हणाले, आणि मग माझ्याकडे न बघता टोपी सरळ करत राहिले. मी काही बोललो नाही. काय बोलणार! बाकावर बसायला सांगितलं तर म्हणाले, "नको, हलायचं नाही म्हटलंय ना." मग स्वतःच हसले आणि बसले.

फलाटाच्या दुसऱ्या बाजूला निळी आली तेव्हा चिरंजीवांनी आजोबांचा हात धरला. चिरंजीव एरवी कुणाचा हात धरत नाहीत, मी मोठा झालोय म्हणतात.

आसुकायामा

उएनो गेल्यावर निळी गाडी दुपारच्या वेळी ताबातापर्यंत न थांबता जाते आणि हिरवी मधल्या सगळ्या स्टेशनांवर थांबते. त्यामुळे आम्ही एका हिरव्या गाडीला मागे टाकलं. शर्यत लागल्यासारखं दोघंही ओरडले. डब्यातले लोक शांत बसलेले असतात इथे, दोघातिघांनी वळून पाहिलं. मी दुसरीकडे बघत राहिलो.

ओजी स्टेशनला लागूनच आसुकायामा नावाची टेकडी आहे. आठवे तोकुगावा शोगुन योशिमुने यांनी १७२० च्या सुमाराला इथे चेरीची झाडं लावून घेतली आणि सामान्य लोकांना फुलं बघायला जागा करून दिली. शोगुन म्हणजे त्या काळचा जपानचा सर्वांत मोठा लष्करी सत्ताधीश. आपल्याकडे तेव्हा पहिला बाजीराव नुकताच पेशवा झाला होता. टेकडी अगदी बुटकी आहे, तरी वर जायला एक छोटी मोनोरेल आहे. फुकट, दोन मिनिटांची. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही रांग लावली. चिरंजीवांनी ती गाडी मोजायची की नाही यावर बराच विचार केला आणि शेवटी मोजली.

गाड्या बघायला मला या टेकडीसारखी जागा टोकियोत दुसरी माहीत नाही. एका बाजूला खाली निळी लोकल, तिच्या पलीकडे उंच पुलावरून शिंकान्सेन. हिरवी शिंकान्सेन आणि लाल शिंकान्सेन कधी कधी एकमेकींना जोडून जातात, नाकाला नाक लावून. तशी जोडी दिसली की चिरंजीव उडी मारतात. आणि टेकडीच्या दुसऱ्या बाजूला रस्त्यावरून, मोटारींच्या मधून, एक डब्याची ट्राम. एकेकाळी टोकियोभर ट्राम होत्या. १९७२ पर्यंत बाकीचे मार्ग बंद झाले, शहराच्या त्या जुन्या ट्रामपैकी हा १२.२ किलोमीटरचा मार्ग तेवढा उरला. ओजीहून वर येताना तिला चांगलाच चढ लागतो, आणि सिग्नल लाल झाला की मोटारींबरोबर तीही थांबते.

सिग्नल हिरवा झाला. ट्राम सुटताना घंटा वाजली, चिन-चिन. म्हणूनच जपानी मुलं तिला 'चिन-चिन देन्शा' म्हणतात.

बाबा एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "मी याच्याएवढा होतो." मुंबईत ट्राम १८७४ साली सुरू झाली, आधी घोडे ओढायचे, १९०७ पासून विजेवर. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली. बाबांचे वडील त्यांना ती बघायला दादरला घेऊन गेले होते. "गर्दी एवढी होती की मला ट्राम दिसलीच नाही. नुसती घंटा ऐकू आली."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

चिरंजीव मला जपानीत म्हणाले, "आजोबांना ट्राममध्ये बसवूया." मी म्हटलं, मला कशाला सांगतोस, त्यांना सांग. त्यांनी थोडा वेळ ओठ हलवून वाक्य जुळवलं.

"आजोबा, ट्राम... ती ना? ती आली की आपण बसूया."

"ती," आजोबा म्हणाले.

आम्ही पुढच्या टोकाला, चालकाच्या मागे उभे राहिलो. काही अंतरावर रुळांवर पाकळ्यांचा सडा पडला होता आणि ट्राम त्यावरून गेली. आजोबा नातवाला काहीतरी सांगत होते. मी दोन हात लांब होतो, ऐकू आलं नाही, आणि मधे गेलोही नाही.

रात्री वहीचा हिशेब लागला. पिवळ्या एकोणीस, नारिंगी चौदा, निळ्या बावीस, हिरव्या नऊ, शिंकान्सेन सतरा, ट्राम सहा, मोनोरेल एक. सोमवारी मी लवकर निघून बाबांसाठी नंबर घेतला आणि पत्त्याचं कार्ड त्यांच्या पाकिटात ठेवलं. बाबांनी ते कार्ड वाचून बघितलं, जपानी अक्षरं असल्यामुळे उलटंसुलटं करून बघितलं, आणि त्याच्या मागे मराठीत लिहिलं : तीन-दोन.

आता तुमची पाळी

१. तुमच्या पानावरचे तीन रकाने पूर्ण झाले का? 'स्टेशन', 'घंटा', 'सिग्नल', 'मार्ग', 'जिना', 'बाक' हे शब्द कुठे टाकलेत? घरातल्या मोठ्या माणसाला दाखवा. 'बाक' वर घरात एकमत होतं का ते बघा, कारण काही घरांत 'तो बाक' म्हणतात आणि काही घरांत 'ते बाक'.

२. 'पुढचा, पुढची, पुढचं' हा शब्द घालून चार वाक्यं लिहा. दोन वाक्यांत अर्थ 'नंतरचा' हवा, दोन वाक्यांत 'समोरचा'. मग असं एक वाक्य लिहा की ज्याचे दोन्ही अर्थ होतील, आणि ते दुरुस्त करा. अकिहाबाराला मी बाबांना नेमकं काय म्हणायला हवं होतं?

३. बहर, मोहोर, सडा : रिकाम्या जागा भरा. अंगणात प्राजक्ताचा ____ पडला होता. यंदा आंब्याला ____ चांगला आलाय. नदीकाठच्या चेरीला ____ आला की आम्ही तिथे डबा घेऊन जातो. (शेवटच्या वाक्यातला डबा कुठला?)

४. तुमच्या घरात हरवण्याचा नियम काय आहे? तीन वाक्यांत लिहा. क्रियापदं बाबांच्या नियमासारखी हवीत : उतरायचं, हलायचं नाही, यायचं. नियम नसेल तर आज जेवताना ठरवा आणि मग लिहा.

५. एक तास गाड्या मोजा. न्यू जर्सीत असाल तर नेवार्कच्या ब्रांच ब्रूक पार्कला जा. तिथे चेरीची हजारो झाडं आहेत आणि पार्कच्या कडेने लाइट रेल जाते. दुबईत चेरी नाही, पण मेट्रोचे लाल आणि हिरवा असे मार्ग आहेत. लंडनमध्ये तर रंगांना तोटाच नाही. रंग, वेळ, दिशा, धीमी की जलद, आणि तुम्ही कुठल्या दारापाशी उभे होतात, हे मराठीत लिहा. जमलं तर आजी किंवा आजोबांना बरोबर घ्या, किंवा फोनवर ठेवा, आणि त्यांची पहिली आगगाडी कुठली ते विचारून पानाच्या तळाशी लिहून आणा.